पोरांना जुन्या ट्रॅक्टरची गोडी लावायची असेल तर आधी इंजिन, मग गंज

जुने ट्रॅक्टर उभे करणारी चार माणसं एकत्र आली की कधी ना कधी हा विषय निघतोच, की आपल्यानंतर हे कोण बघणार, हल्लीच्या पोरांना कशातच रस नाही, सारखी फोनमध्ये डोकं घालून बसलेली असतात. मला हे अजिबात पटत नाही. पोरांना रस असतो, आपण त्यांना जे काम देतो त्यात रस घेण्यासारखं काही नसतं, खरा घोळ तिथे आहे. होतं काय, की पंधरा-सोळा वर्षांचं पोर पहिल्यांदा शेडमध्ये येतं, आपण त्याच्या हातात तारेचा ब्रश देतो, सांगतो हा मडगार्ड घासून काढ, आणि आपण स्वतः मात्र इंजिनात हात घालून मजेत बसतो. दोन तास घासून त्याचे खांदे भरून येतात, नाकात गंज जातो आणि ट्रॅक्टरबद्दल नवीन एक गोष्ट कळत नाही. पुढच्या वेळी ते येत नाही, आणि आपण म्हणतो बघा, मेहनत नको यांना.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, की क्रम उलटा करा. पहिल्या दिवशी इंजिन, गंज आणि रंग खूप नंतर. आणि इंजिनाचं म्हणजे नुसतं बघायचं काम नाही, तर विचार करायचं आणि ठरवायचं काम त्यांना द्या. हे कसं करायचं ते खाली सविस्तर लिहितोय.

ट्रॅक्टर कुठला घ्यायचा

आपल्या मनात जो दुर्मिळ ट्रॅक्टर असतो तो शिकवायला घेऊ नका. पोरांसाठी ट्रॅक्टर असा हवा की जो लहान आहे, साधा आहे, ज्याचे पार्ट अजून मिळतात, ज्याचं मॅन्युअल मिळतं आणि जो एकतर चालू आहे किंवा चालू व्हायच्या अगदी जवळ आहे. फर्ग्युसन टीई२० हे यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांच्या वर बनले, त्यामुळे गॅस्केटपासून लायनरपर्यंत (लायनर म्हणजे सिलेंडरची आतली नळी) बऱ्याच गोष्टी आजही नव्या बनतात. त्याच्या स्टँडर्ड कंपनीच्या पेट्रोल इंजिनात वेट लायनर आहेत, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं आणि लायनर ओढून बाहेर काढता येतो, नवा बसवता येतो, त्यामुळे सिलेंडर म्हणजे काय हे पोराला हातात धरून दाखवता येतं. आणि गाड्यांचं वेड असलेल्या पोराला हे नक्की सांगा की ट्रायम्फ टीआर२ या स्पोर्ट्स कारचं इंजिन याच घराण्यातलं आहे, मग बघा त्याचा चेहरा.

फोर्डचे ९एन (१९३९ पासूनचे) आणि नंतरचे ८एन, किंवा १९४७ पासूनचा छोटा फार्मॉल कब, हेही चालतील. कब तर इतका आटोपशीर आहे की पोरांना तो बघून भीती वाटत नाही. पण मॉडेलच्या मागे फार लागू नका, तुमच्या भागात जो ट्रॅक्टर एकेकाळी सगळ्यात जास्त विकला गेला असेल तोच घ्या, कारण त्याचे पार्ट आणि त्याची माहिती असलेली म्हातारी माणसं दोन्ही जवळपास असतात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. कोणीतरी खोलून ठेवलेला आणि डबे-पोत्यांत भरलेला ट्रॅक्टर फुकट मिळाला तरी पहिल्या प्रोजेक्टला घेऊ नका. काय आहे आणि काय हरवलंय ते कोणालाच माहीत नसतं, महिनोनमहिने जुळवाजुळव करण्यात जातात आणि इंजिनाचा आवाज काही ऐकायला मिळत नाही. असला ट्रॅक्टर अनुभवी माणसासाठी ठीक आहे, नवीन पोराचा उत्साह त्यात मरतो.

पहिला दिवस: मुद्दाम केलेला बिघाड

माझ्या मते याच्याइतका चांगला पहिला धडा दुसरा नाही, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

एक चालू ट्रॅक्टर घ्या. पोरं आली की पहिल्यांदा तो सुरू करून दाखवा, पाच मिनिटं चालू द्या, आवाज ऐकू द्या, थ्रॉटल कमी-जास्त करू द्या. मग बंद करा, पोरांना पाणी प्यायला पाठवा, आणि तेवढ्यात गुपचूप एक बिघाड करून ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करा, किंवा कॉइलची छोटी वायर सैल करा, किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या (सिलेंडरांना ठिणगी वाटून देतो तो) टोपणावरच्या दोन प्लग वायरींची अदलाबदल करा. पोरं आली की सांगा, आता हा सुरू होत नाही, का ते तुम्ही शोधा, मी बोलणार नाही.

त्याआधी फक्त एवढंच शिकवा की पेट्रोल इंजिनाला चालायला इंधन-हवा लागते, ती दाबली जावी लागते, आणि योग्य वेळी ठिणगी पडावी लागते. यातलं एक जरी नसलं तरी इंजिन चालत नाही, म्हणून एकेक तपासत जायचं. कार्बोरेटरच्या बाऊलखालचा स्क्रू काढून डब्यात पेट्रोल येतं का बघायचं. मग तो डबा लांब नेऊन ठेवायचा, सांडलेलं पुसायचं, आणि मगच प्लग काढून त्याची बॉडी इंजिनाला टेकवून, इन्सुलेटेड पक्कडने धरून, दुसऱ्याला इंजिन फिरवायला सांगून ठिणगी बघायची. ती निळी ठिणगी ‘टक टक’ करत पडताना पहिल्यांदा बघितली की पोरं एकदम गप्प होतात आणि मग सगळी एकदम बोलायला लागतात, हे मी नेहमी बघतो.

वायरींची अदलाबदल केली असेल तर सगळ्यात मजा येते, कारण पेट्रोल येतंय, ठिणगीही पडतेय, तरी इंजिन फटफट करतं, मागे फायर मारतं आणि नीट चालत नाही. आता डोकं लावायला लागतं. इथे फायरिंग ऑर्डरची, म्हणजे कुठल्या सिलेंडरनंतर कुठल्यात ठिणगी पडते त्या क्रमाची, ओळख आपोआप होते. टीई२०ची ऑर्डर १-३-४-२ आहे आणि फोर्ड ८एनची १-२-४-३, म्हणजे दोन्ही चार सिलेंडरची इंजिनं असून क्रम वेगळा, आणि हे पुस्तकात वाचण्यापेक्षा चुकीच्या वायरीने फटफटणाऱ्या इंजिनासमोर उभं राहून कळलं की जन्मात विसरत नाही.

बिघाड सापडला आणि त्यांनी स्वतः इंजिन सुरू केलं की बास, त्या दिवसाचं काम झालं. आणखी काही शिकवायच्या भानगडीत पडू नका. घरी जाऊ द्या, घरी जाऊन ती हेच सांगणार आहेत.

तुमचे हात मागे बांधा

हे लिहायला सोपं आणि पाळायला फार अवघड आहे. पोर एक नट काढायला दहा मिनिटं लावतंय आणि आपल्याला दिसतंय की पाना चुकीच्या मापाचा आहे, तेव्हा आपला हात आपोआप पुढे जातो, ‘सरक, मी दाखवतो’. नका करू. विचारा, ‘पाना हलतोय का? का हलतोय?’ तो स्वतः बघेल. जुन्या ट्रॅक्टरवर मापांची गंमत असतेच, ब्रिटिश ट्रॅक्टरवर व्हिटवर्थ आणि बीएसएफचे आटे, अमेरिकन असेल तर यूएनसी-यूएनएफ, जर्मन असेल तर मेट्रिक, आणि मधल्या कोणी मालकाने जे मिळेल ते ठोकलेलं. तीन-चार वेळा पाना घसरला की पोर स्वतःहून विचारतं की हे माप वेगळं का लागतंय, आणि तेव्हा सांगितलेलं लक्षात राहतं.

धोक्याची गोष्ट असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबवायचं, त्यात शिकवणी नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आणि कृपा करून ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू करू नका. गोष्टी सांगा, भरपूर सांगा, पण त्या ट्रॅक्टरच्या सांगा, पोरांना कमी लेखणाऱ्या नकोत.

असं काम द्या जे पूर्ण होतं

अख्खा ट्रॅक्टर उभा करायला वर्ष-दोन वर्ष लागतात. पोराला दोन वर्षांनी मिळणाऱ्या आनंदावर थांबायला सांगणं चुकीचं आहे. म्हणून ट्रॅक्टरचे छोटे छोटे भाग पाडा आणि एकेक भाग एकेकाच्या नावावर करा. कार्बोरेटर हिचा, मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र) किंवा डिस्ट्रिब्यूटर त्याचा, वायरिंग आणखी कोणाचं. ज्याचा भाग त्याचा निर्णय, त्यानेच पार्ट शोधायचे, त्यानेच मॅन्युअल वाचायचं, आणि इतरांना समजावून सांगायचंही त्यानेच.

कार्बोरेटर हे पहिल्या स्वतंत्र कामासाठी उत्तम, टेबलावर मावतो, एका दुपारीत खोलून साफ करून जोडता येतो. जेटची बारीक भोकं उजेडाकडे धरून बघायची, आरपार उजेड दिसला म्हणजे साफ. आत तार खुपसायची नाही कारण पितळ मऊ असतं, भोकाचं माप बिघडलं की मिक्स्चर बिघडलं. पितळी फ्लोट कानाजवळ धरून हलवायचा, आत पेट्रोलचा खळखळ आवाज आला म्हणजे त्याला कुठेतरी चीर आहे. चीर नक्की कुठे ते बघायला गरम पाण्यात बुडवायचा, आतली हवा तापून फुगते आणि जिथे चीर आहे तिथून बुडबुडे निघतात. हे सगळं पोराला स्वतः करू द्या.

दुसरं काम म्हणजे वॉल्व्ह लॅपिंग, मराठीत आपण वॉल्व्ह घासणं म्हणतो ते. हेड खोललं की आपण हे काम स्वतःकडे ठेवतो किंवा लेथवाल्याकडे पाठवून देतो, पण सीट, म्हणजे वॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती जागा, फार खराब नसतील तर हे नवीन पोराकडून छान होतं. आमच्याकडे एका मुलीला दिलं होतं, तिने आधी कधी पानाही धरला नव्हता. वॉल्व्हच्या कडेला थोडीशी ग्राइंडिंग पेस्ट, रबरी कप लावलेली काठी वॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची, दोन तळहातांत धरून मागे-पुढे फिरवायची, मधे मधे वॉल्व्ह उचलून थोडा वळवून परत ठेवायचा. सुरुवातीला खरखर असा जाडसर आवाज येतो, आणि पेस्ट बारीक होत गेली की तो मऊ होत जातो. तिने तो आवाजातला फरक माझ्याआधी पकडला. पुसून बघितलं तर वॉल्व्हवर आणि सीटवर एकसारखं राखाडी कडं उमटलेलं, कुठे तुटलेलं नाही. मग वॉल्व्ह जागेवर बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि आम्ही सगळे बघत उभे, एक थेंब झिरपला नाही. नंतर पेस्टचा कण न् कण धुऊन काढायचा असतो, तो राहिला तर इंजिनच खातो, ते तिने इतकं बारकाईने केलं की आता हेडचं काम आलं की आम्ही तिलाच फोन करतो. मुलींना रंगाचं आणि स्टिकरचं काम देऊन बाजूला बसवायची जी सवय आहे ती खरंच सोडा, अर्धे चांगले हात आपण दारातच परत पाठवतो.

इंजिन जाम असेल तर तेही पोरांसाठी चांगलं आहे, पण वेगळ्या कारणासाठी, त्यात धीर शिकायला मिळतो. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल ओतायचं, किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं करून ओतायचं (हे मिश्रण चांगलंच पेट घेतं, जवळ आग नको), आणि काही दिवस सोडून द्यायचं. मग टॉप गिअर टाकून चाक हाताने पुढे-मागे हलवून बघायचं, किंचित जरी हललं तरी जिंकलो. परत तेल, परत थांबायचं. दुसऱ्या गाडीने ओढून जबरदस्तीने फिरवायचं नाही, एखादा वॉल्व्ह अडकलेला असला तर पुशरॉड वाकतो नाहीतर रॉड तुटतो. पोरांना खुणेसाठी क्रँकच्या पुलीवर खडूची रेघ मारायला सांगा, रेघ एक मिलिमीटर सरकली की शेडमध्ये जो आरडाओरडा होतो तो ऐकण्यासारखा असतो.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं काम, तेही त्यांनाच करू द्या. आधी कोरडी मोजायची, मग सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजायची. आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर वॉल्व्हकडे बघा. एका चमचा तेलाने इंजिनाच्या आतलं कळतं, हे पोरांना डिटेक्टिव्हगिरी वाटते आणि ती खरंच तशीच आहे.

गंजाचं काय मग

गंज काढायचाच आहे, पण ब्रशने हात मोडण्यापेक्षा इलेक्ट्रोलिसिस करा, शाळेत शिकलेलं केमिस्ट्री पहिल्यांदा कामाला येताना दिसतं. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दर चार लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, गंजलेला पार्ट बॅटरी चार्जरच्या मायनसला आणि टाकाऊ लोखंडाचा तुकडा प्लसला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. रात्रभरात गंज मऊ होऊन सुटतो. पण नियम पक्के सांगा, की प्लसला स्टेनलेस स्टील अजिबात लावायचं नाही कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, ॲल्युमिनियमचे पार्ट टबात टाकायचे नाहीत, ते खाऊन जातात, आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करायचं, चार्जर बंद केल्याशिवाय टबात हात घालायचा नाही.

फोन खिशात ठेव म्हणू नका

फोन हे या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. प्रत्येक नट काढायच्या आधी फोटो, काढल्यावर फोटो, नट-बोल्ट पिशवीत आणि पिशवीवर नाव. मी कितीतरी ट्रॅक्टर असे बघितलेत की जे फक्त ‘हे कुठे होतं’ एवढ्यासाठी वर्षानुवर्षं अडकून पडलेत, आणि आजची पोरं फोटो काढायला सांगायच्या आधीच काढतात. त्यांना व्हिडिओ बनवायचा असेल तर बनवू द्या, पहिल्यांदा इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ त्यांच्या मित्रांनी बघितला की पुढच्या शनिवारी दोन नवीन पोरं दारात उभी असतात, आपली कुठलीही जाहिरात हे करू शकत नाही.

सिरीयल नंबरची प्लेट शोधायला लावा. चिखल, ग्रीस, चार थर रंग यांच्याखालून नंबर काढायचा आणि त्यावरून आपला ट्रॅक्टर कुठल्या वर्षाचा ते शोधायचं, हे काम पोरं नेटवर आपल्यापेक्षा पटकन करतात. अमेरिकेत विकलेलं मॉडेल असेल तर तिथल्या नेब्रास्का राज्याच्या टेस्टचा रिपोर्टही सापडू शकतो. त्या राज्यात १९१९ साली कायदाच झाला की कंपनी जेवढी ताकद सांगते तेवढी खरंच आहे का ते तपासल्याशिवाय ट्रॅक्टर विकायचा नाही, आणि १९२० पासून टेस्ट सुरू झाल्या. आकड्यांची आवड असलेल्या पोराला तो रिपोर्ट द्या आणि विचारा, आपला ट्रॅक्टर आज यातलं किती देत असेल?

ज्याला कॉम्प्युटरवर डिझाइन येतं त्याला न मिळणारा नॉब किंवा तुटलेलं टोपण थ्रीडी प्रिंट करायला सांगा, किंवा प्रिंट केलेला साचा वापरून ओतकाम करून घ्या. कोणाला वायरिंगमध्ये रस असतो. इथे एक गोष्ट नीट समजवा, की बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना ६ व्होल्टची सिस्टीम असते आणि बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाडीच्या उलट. बॅटरी लावायच्या आधी मॅन्युअल बघायचंच.

गोष्टी सांगा, पण खऱ्या

पोरांना लोखंडापेक्षा आधी गोष्ट भावते. १९५८ च्या जानेवारीत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन, चाकांवर पट्टे चढवलेले, शेतात नांगरणारा तोच टीई२०. गाड्या चालवत जमिनीवरून ध्रुवापर्यंत त्याआधी कोणी गेलंच नव्हतं. हे सांगून झालं की समोरच्या गंजलेल्या ट्रॅक्टरकडे पोरं वेगळ्या नजरेने बघतात.

जर्मनीचा लान्झ बुलडॉग, पहिला १९२१ चा, एकच भलामोठा सिलेंडर, पुढचा गोळा ब्लोलॅम्पने लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग स्टेअरिंगच दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलमध्ये घालून इंजिन फिरवायचं. आणि हे इंजिन उलटंही फिरतं. जॉन डिअरचे दोन सिलेंडरवाले, मॉडेल डी १९२३ पासून तब्बल तीस वर्षं बनला, त्यांचा तो पट-पट आवाज एकदा ऐकला की डोळे मिटूनही ओळखता येतो. फर्ग्युसनबरोबर जो पाना मिळायचा त्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा होत्या, अवजार सेट करताना मोजायला आणि टाकीत बुडवून तेल किती आहे बघायलाही तोच. असली एखादी वस्तू हातात दिली की वेगळं लेक्चर द्यावं लागत नाही.

सेफ्टी, यात चर्चा नाही

जुन्या ट्रॅक्टरांना सेफ्टीची आजची कुठलीच गोष्ट नसते, म्हणून हे सगळं आपल्यालाच बघायचं आहे.

नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही जायचं नाही, जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावूनच. ट्रॅक्टर मधून तोडायचा असेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे असतील, तर ते काम मोठ्यांनी करायचं, पोरांनी लांबून बघायचं. मागच्या चाकांत वजनासाठी पाणी किंवा कॅल्शियम क्लोराइड भरलेलं असू शकतं, एकेक चाक माणसाला चिरडण्याएवढं जड होतं, ते एकट्याने उभं करायला जायचं नाही.

हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे. स्पार्क मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पाडायची, सोय असेल तर आधी स्पार्क मागे घ्यायचा. हे जोपर्यंत तुमच्यासमोर बंद इंजिनावर नीट करून दाखवत नाहीत तोपर्यंत चालू करायचं हँडल हातात देऊ नका.

पीटीओचा शाफ्ट (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा दांडा) ५४० आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. बाहीचं टोक गुंडाळलं जायला सेकंदही लागत नाही. कव्हर नसेल तर पीटीओ जोडायचाच नाही. मोकळे केस, ओढणी, लोंबणारी हुडीची दोरी, काही चालणार नाही.

जुन्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यावर हवेचा पाइप मारायचा नाही, ओलं करून पुसायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासायचा नाही. म्हणूनही तो तारेचा ब्रश पहिल्या दिवशी नकोच.

आणि ओढायचं काहीही असलं तरी मागच्या ड्रॉबारलाच (ओढण्यासाठी खाली दिलेली पट्टी) बांधायचं, कधीही ॲक्सलला किंवा सीटच्या उंचीला नाही. उंच बांधलं आणि ओझं अडकलं तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो, आणि हे इतक्या झटक्यात होतं की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. चालवायला द्यायचा ट्रॅक्टर असेल तर त्याला रोलबार (उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी चौकट) आणि बेल्ट बसवा, दिसायला ओरिजिनल राहत नाही म्हणून काहींना ते खटकतं, पण माझ्यासाठी हा प्रश्नच नाही.

शेडमध्ये दोन मोठी माणसं कायम हवीत, आईवडिलांची लेखी परवानगी हवी, आणि आईवडिलांना एकदा बोलावून सगळं दाखवा. बहुतेक वेळा वडील स्वतःच पुढच्या वेळी पाना घेऊन येतात.

बाकीचं थोडक्यात

वेळ: आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास, परीक्षा आल्या की सुट्टी. एका मोठ्या माणसामागे दोन-तीन पोरं, त्याहून जास्त झाली की कोणीतरी नुसतंच उभं राहतं. पैसा: खर्चाची वही पोरांकडे द्या, एवढेच पैसे आहेत, नवा रेडिएटर घ्यायचा की जुना झाळून घ्यायचा आणि उरलेल्यात टायर बघायचे, ते ठरवतील. बहुतेक वेळा ती आपल्यापेक्षा काटकसरी निघतात.

रंग: कंपनीतून निघाला होता तसा चकचकीत करायचा की जुना उडालेला रंग तसाच ठेवून फक्त यंत्र नीट करायचं, यावर पोरांमध्ये भांडण लागणार, लागू द्या. जुना रंग एकदा खरवडला की परत येत नाही हे तेवढं सांगा. आणि मूळ रंग कुठला तेही शोधायला लावा, उदाहरणार्थ फार्मॉल लाल असतो असं सगळ्यांना वाटतं, पण १९३६ च्या आधीचे राखाडी होते. शेवटी मतं घ्या आणि जे ठरेल ते माना, तुमच्या आवडीचं नसलं तरी.

ट्रॅक्टर पूर्ण झाला की तो नुसता शोभेला उभा करू नका. मोकळ्या सपाट शेतात न्या, नांगर लावा, आणि ज्यांनी काम केलंय त्या प्रत्येकाला, मोठं माणूस जवळ असताना, एक तास तरी चालवू द्या. सीटवर मात्र एका वेळी एकच जण, मडगार्डवर कोणी बसायचं नाही. ज्याने क्लच बसवला त्याला पहिल्यांदा तो पायाखाली जाणवला पाहिजे, ज्याने कार्बोरेटर केला त्याला लोड आल्यावर इंजिन कसं ओढतं ते ऐकू आलं पाहिजे.

त्यानंतरचा ट्रॅक्टर निवडायचं काम त्यांच्यावर सोपवा, आणि नवीन आलेल्या पोरासाठी पहिल्या दिवसाचा मुद्दाम केलेला बिघाडही आता जुन्या पोरांनीच करून ठेवायचा, तुम्ही त्यात पडू नका. तयार झालेल्या ट्रॅक्टरची देखभाल एका जोडीच्या नावावर लिहून टाका, महिन्यातून एकदा सुरू करून चांगला गरम होईपर्यंत चालवायचा, बराच काळ उभा राहणार असेल तर पेट्रोल काढून टाकायचं, जिथे पाणी गोठतं तिथे रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे कॉक उघडून पाणी पूर्ण सोडायचं, आणि बॅटरीची वायर काढून ठेवायची.